रानवाटेवर धावताना : चिखल चुकवू नका!

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून सुटलेली लोकल साधारण अर्ध्या तासात चिंगफर्डला पोहोचते. तिथे रूळ संपतात. स्थानकाबाहेर पडून दहा मिनिटे चालले, की घरांची रांग मागे पडते, मोठे माळरान लागते आणि त्याच्या पलीकडे झाडी सुरू होते. रविवारी सकाळी या माळावर बुटांच्या नाड्या आवळणारी माणसे हमखास दिसतात. विशीतली मुले असतात तशी साठी ओलांडलेली मंडळीही असतात. तास-दीड तासाने ती परत येतात तेव्हा त्यांच्या बुटांचा मूळ रंग ओळखू येत नाही. नडग्यांवर काळपट चिखल थापलेला असतो आणि चेहऱ्यावर मात्र समाधान असते.

हे एपिंग फॉरेस्ट. क्षेत्र सुमारे २,४०० हेक्टर, लांबी जवळपास १९ किलोमीटर, रुंदी मात्र फार तर चार किलोमीटर. ली आणि रोडिंग या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधल्या उंचवट्यावर पसरलेली ही झाडीची पट्टी पूर्व लंडनच्या दाट वस्तीतून सुरू होते आणि एसेक्स परगण्यातल्या एपिंग गावाशी संपते. इंग्लंडमध्ये सन १६०० पासून आजपर्यंत ज्या जमिनीवर सलग झाडी आहे तिला ‘प्राचीन वन’ म्हणतात. संपूर्ण ब्रिटनच्या भूमीपैकी अशी वने उरली आहेत जेमतेम अडीच टक्के. एपिंगमध्ये तर १६०० च्याही फार आधीपासून, हजारो वर्षे झाडी असल्याचे दलदलीतल्या गाळात सापडलेल्या परागकणांवरून दिसते.

अशा रानात धावणे शरीराला आणि मनाला मानवते, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण रानात रोज येणारे हजारो पाय खुद्द रानाला मानवतात का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी, म्हणजे वाटेवरच्या चिखलात सापडतात.

डोक्यावरून छाटलेली झाडे

एपिंगच्या वाटेवर पहिल्यांदा धावणाऱ्याचे लक्ष झाडांच्या विचित्र आकाराकडे जाते. बीच, हॉर्नबीम आणि ओक या झाडांचे बुंधे पिंपासारखे जाड आहेत. पण दोन-तीन मीटर उंचीवर बुंधा एकदम संपतो आणि तिथून हाताच्या बोटांसारख्या अनेक फांद्या सरळ वर जातात. हा आकार माणसाने दिला आहे. आसपासच्या गावकऱ्यांना सरपणासाठी फांद्या तोडण्याचा परंपरागत हक्क होता. झाड मुळापासून तोडले तर नवे धुमारे गुरे आणि हरणे खाऊन टाकतात. म्हणून ते त्यांच्या तोंडाच्या वर छाटायचे आणि दर काही वर्षांनी फुटलेल्या फांद्या पुन्हा तोडायच्या. अशा झाडाला तिकडे ‘पोलार्ड’ म्हणतात. छाटणीमुळे झाडाचे आयुष्य उलट वाढते. शेकडो वर्षे जगलेली अशी पन्नास हजारांहून जास्त झाडे एपिंगमध्ये आहेत.

कोकणातल्या आणि मावळातल्या वाचकांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. भाताच्या राबासाठी ऐन-किंजळाची टहाळे तोडली की ती झाडेही अशीच खांबासारखी दिसू लागतात.

एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी एपिंगचे तुकडे कुंपण घालून बंद करायला सुरुवात केली. लॉटन गावच्या थॉमस विलिंगेल या मजुराच्या कुटुंबाने कुंपणाला न जुमानता फांद्या तोडणे चालूच ठेवले. १८६६ मध्ये त्यांच्यापैकी तिघांना त्यासाठी तुरुंगात जावे लागले. प्रकरण गाजले. लंडन शहराची महापालिका जमीनदारांविरुद्ध न्यायालयात गेली आणि १८७४ मध्ये निकाल कुंपणांच्या विरोधात लागला. त्यानंतर १८७८ मध्ये ‘एपिंग फॉरेस्ट कायदा’ झाला. हे रान कायम मोकळे राहील, त्यावर बांधकाम होणार नाही आणि लोकांना तिथे विरंगुळ्यासाठी जाता येईल, अशी जबाबदारी या कायद्याने महापालिकेवर टाकली. १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणीने स्वतः हाय बीच येथे येऊन रान जनतेला अर्पण केले. आज तिथे कोणीही, कोणतेही शुल्क न देता धावू शकतो तो या कायद्यामुळे. फांद्या तोडण्याचा हक्क मात्र गेला. त्याच्या भरपाईतून लॉटनमध्ये ‘लॉपिंग हॉल’ ही सार्वजनिक इमारत उभी राहिली.

त्याच वर्षी, १८७८ मध्ये, ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानसाठी भारतीय वन कायदाही केला. त्याची दिशा मात्र उलटी होती. राखीव जंगलात गावकऱ्यांचे हक्क आवळले गेले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबाच्या टहाळांवरून असंतोष इतका वाढला, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये त्यासाठी वन आयोग नेमावा लागला. रान कोणाचे आणि कशासाठी, हा प्रश्न दोन्हीकडे होता. उत्तरे वेगवेगळी मिळाली.

वाट कशी आहे?

१८७८ च्या कायद्याला शंभर वर्षे झाली तेव्हा ‘सेंटेनरी वॉक’ ही वाट आखली गेली. पूर्व लंडनमधल्या मॅनर पार्कपासून एपिंगपर्यंत ती सुमारे २४ किलोमीटर जाते. सारी एका दमात धावायची गरज नाही. चिंगफर्डपासून सुरुवात केली तर रानाचा सर्वांत दाट भाग वाट्याला येतो.

माळाच्या कडेला पांढऱ्या भिंतींची, लाकडी चौकटीची एक उंच इमारत दिसते. आठव्या हेन्रीने १५४३ मध्ये शिकार बघण्यासाठी बांधवलेला हा मनोरा. पुढे कॉनॉट वॉटर हा तलाव, त्याला वळसा घालून वाट चढू लागते. लॉटन कँपजवळ बीचची झाडी इतकी दाट आहे, की उन्हाळ्यातही खाली हिरवट काळोख असतो. तिथे जमिनीवर दिसणारे गोलाकार बांध लोहयुगातल्या गढीचे आहेत, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे. आणखी उत्तरेला अँब्रेसबरी बँक्स ही दुसरी गढी लागते. रोमन सैन्याशी लढणाऱ्या बूडिका राणीची अखेरची लढाई इथे झाली, अशी दंतकथा आहे. तिला पुरावा मात्र नाही.

एपिंग जवळ आले, की बेल कॉमन लागते. वरून पाहिले तर हिरवळ आणि क्रिकेटचे मैदान. पण धावणाऱ्याच्या पायाखालून लंडनला वळसा घालणारा एम-२५ हा महामार्ग बोगद्यातून जात असतो. रान तुटू नये म्हणून १९८० च्या दशकात रस्ता इथे जमिनीखाली नेला गेला.

ज्यांना झाडीबाहेरचा मुलूख पाहायचा आहे त्यांच्यासाठी एपिंगपासून दुसरी वाट सुरू होते. ‘एसेक्स वे’ नावाची ही पायवाट सुमारे १३० किलोमीटर जात समुद्रकाठच्या हारिच बंदराला पोहोचते. तिचा पहिला टप्पा गर्नन बुशेस या जुन्या हॉर्नबीमच्या राईतून जातो, मग गव्हाची शेते, कुंपणाची झुडपे, पुन्हा एक जुने रान आणि शेवटी ग्रीन्स्टेडचे लाकडी चर्च. अकराव्या शतकातल्या ओकच्या ओंडक्यांची त्याची भिंत अजून उभी आहे. दहा-अकरा किलोमीटरचा हा टप्पा बऱ्यापैकी सपाट असून नवशिक्याला झेपणारा आहे.

खासगी शेतातून धावत गेले तर मालक हरकत घेत नाही का, असा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला पडेल. इंग्लंडमध्ये जुन्या वहिवाटीच्या पायवाटांना कायद्याचे संरक्षण आहे. १९४९ च्या कायद्यानुसार त्या अधिकृत नकाशांवर नोंदवल्या जातात. शेतातून आडवी जाणारी पायवाट नांगरटीत मोडली, तर ठरावीक मुदतीत ती पुन्हा नीट करून देणे शेतकऱ्यावर बंधनकारक असते. धावणाऱ्यानेही वाट सोडायची नाही, फाटक जसे असेल तसे ठेवायचे आणि वासरे असलेल्या गायींपासून लांबून, धावणे थांबवून चालत जायचे, असा संकेत आहे. एपिंगमध्येही लांब शिंगांच्या गायी चरताना भेटतात. त्यांच्याभोवती कुंपण दिसत नाही. गळ्यातल्या पट्ट्यात उपग्रहाशी जोडलेले यंत्र असते आणि आखलेल्या हद्दीजवळ गेले, की ते आवाज करून गायीला मागे वळवते.

पायांना काय कळते?

सपाट डांबरी रस्त्यावर प्रत्येक पाऊल जवळजवळ आधीच्या पावलासारखेच पडते. रानवाटेवर तसे होत नाही. कुठे मूळ आडवे आलेले, कुठे पानांखाली खड्डा, कुठे निसरडा उतार. घोट्याच्या अस्थिबंधांत आणि स्नायूंत असलेले संवेदक पायाचा कोन क्षणाक्षणाला मेंदूला कळवतात आणि मेंदू त्याप्रमाणे स्नायू ताणतो किंवा सैल करतो. डोळेही वेगळे काम करतात. खडबडीत जमिनीवर चालणाऱ्यांच्या नजरेचा माग घेणाऱ्या २०१८ मधल्या एका अभ्यासात असे दिसले, की माणूस पायाशी बघत नाही, तर साधारण दीड सेकंदाने पाऊल जिथे पडणार आहे तिथे बघतो. धावताना वेग जास्त असल्याने नजर आणखी पुढे ठेवावी लागते. म्हणून रानवाटेवर मोबाइलमध्ये किंवा घड्याळात डोकावणे महागात पडते.

अशा जमिनीवर शक्ती किती जास्त खर्च होते? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी धावपट्टीवर लाकडी ठोकळे बसवून सुमारे अडीच सेंटिमीटरपर्यंतचा चढउतार तयार केला. त्यावर धावताना ऊर्जेचा खर्च सपाट पट्टीपेक्षा साधारण पाच टक्क्यांनी वाढला. चालताना मात्र तो अठ्ठावीस टक्क्यांनी वाढला होता. म्हणजे धावणाऱ्याचे पाय स्प्रिंगसारखे काम करून खडबडीतपणा बराचसा पचवतात. पण खऱ्या रानात चढ, चिखल आणि वाऱ्याने पडलेली झाडेही असतात. त्यामुळे रस्त्यावरचा वेग रानात धरायचा हट्ट करू नये. किलोमीटर मोजण्यापेक्षा मिनिटे मोजावीत.

‘माती मऊ असते, म्हणून गुडघे वाचतात’ हे विधान अर्धेच खरे आहे. जमीन मऊ असेल तर धावणारा नकळत पाय अधिक ताठ ठेवतो, कठीण असेल तर अधिक लवचीक. हे १९९८ मधल्या एका प्रयोगात दिसून आले आहे. त्यामुळे शरीरावर बसणारा एकूण धक्का वाटतो तितका बदलत नाही. रानवाटेचा खरा फायदा म्हणजे ती प्रत्येक पावलाला भार थोडा वेगळ्या जागी टाकते. तोटाही त्यातच आहे. घोटा मुरगळण्याची शक्यता वाढते आणि उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंवर वेगळाच ताण येतो. उतरताना हे स्नायू लांब होत असतानाच आकुंचन पावण्याचा प्रयत्न करतात. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात. हे दुखणे बहुधा आपोआप जाते आणि काही दिवसांनी तोच उतार पुन्हा उतरले तर पूर्वीइतके दुखत नाही.

धावल्याने गुडघे झिजतात, ही भीती मात्र बाजूला ठेवायला हरकत नाही. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, छंद म्हणून धावणाऱ्यांमध्ये गुडघा किंवा खुब्याच्या सांध्याची झीज ३.५ टक्के लोकांत आढळली. बैठे जीवन जगणाऱ्यांत ते प्रमाण १०.२ टक्के, तर स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के होते. अर्थात, गुडघा आधीच सुजत असेल किंवा जिन्यावर दगा देत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय धावायला लागू नये.

किती धावणे पुरे?

अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक प्रौढांचा सरासरी पंधरा वर्षे पाठपुरावा केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. धावणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचे प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी होते, आणि हृदयविकार व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण ४५ टक्के कमी. दिवसाला पाच-दहा मिनिटे, तेही संथ धावणाऱ्यांनाही लाभ दिसला. असे अभ्यास कारण आणि परिणाम सिद्ध करत नाहीत. मुळात निरोगी माणसेच जास्त धावतात, हेही खरे. तरीही थोडे धावणे न धावण्यापेक्षा बरे, एवढे त्यातून म्हणता येते.

झाडांच्या सहवासाबद्दलचे पुरावेही असेच जपून वाचावे लागतात. इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये असे दिसले, की आठवड्यात एकूण दोन तास किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. हे दोन तास एकदम घालवले की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या २०१५ च्या प्रयोगात नव्वद मिनिटे झाडाझुडपांत चालून आलेल्यांचे मन त्याच त्या त्रासदायक विचारांत घोळण्याचे प्रमाण कमी झाले, तर रहदारीच्या रस्त्याकडेने चाललेल्यांत तसे झाले नाही. प्रयोगात ३८ माणसेच होती आणि ती धावत नव्हती, चालत होती. त्यामुळे ‘रानात पळा, नैराश्य पळेल’ असा दावा कोणी करू नये. औषधे चालू असलेल्याने ती रानाच्या भरवशावर सोडू नयेत.

खसखशीएवढा धोका

एपिंगमध्ये हरणे आहेत, दाट पालापाचोळा आहे आणि वाटेच्या कडेला गुडघाभर उंचीचे नेचे आहेत. गोचिडीला यापेक्षा वेगळे काही लागत नाही. ती उडी मारत नाही. गवताच्या टोकाशी बसून पुढचे पाय हवेत पसरते आणि घासून जाणाऱ्या प्राण्याला चिकटते. तिचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते आणि चावले तरी बहुधा कळत नाही.

काही गोचिडींच्या पोटात ‘बोरेलिया’ जातीचे जिवाणू असतात. त्यांच्यामुळे लाइम आजार होतो. इंग्लंडमध्ये दरवर्षी हजाराहून अधिक रुग्णांची प्रयोगशाळेत खात्री होते. चावल्यानंतर तीन ते तीस दिवसांत त्या जागी लाल चट्टा उठून हळूहळू पसरतो, बऱ्याचदा निशाणाच्या वर्तुळासारखा. सावळ्या कातडीवर तो लाल न दिसता जांभळट किंवा काळपट दिसू शकतो आणि म्हणून सहज नजरेतून सुटतो. ताप, डोकेदुखी, थकवा ही लक्षणे फ्लूसारखीच. वेळीच ओळखले तर तीन आठवड्यांच्या आतबाहेरच्या प्रतिजैविकांच्या उपचाराने आजार बहुधा बरा होतो. दुर्लक्ष झाले तर सांधे, चेताक्षमता आणि क्वचित हृदयावरही परिणाम होतो. उन्हाळ्यात मुला-नातवंडांकडे लंडनला जाणाऱ्या आणि तिथल्या रानात फिरायला बाहेर पडणाऱ्या आजी-आजोबांनी हे लक्षात ठेवलेले बरे. भारतात परतल्यावर चट्टा उठला तर ‘इंग्लंडमध्ये रानात फिरलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ, तिच्या तोंडापाशी पकडावी आणि न पिळता, न चिरडता सरळ वर ओढून काढावी. मग जागा साबण-पाण्याने किंवा जंतुनाशकाने पुसावी. तेल ओतणे, रॉकेल लावणे, काडीने चटका देणे हे उपाय करू नयेत. गोचीड जितका जास्त वेळ चिकटून राहील तितका धोका वाढतो. म्हणून धावून आल्यावर अंघोळीच्या वेळी गुडघ्यांची मागची बाजू, जांघा, काखा, बेंबी आणि कानामागे हात फिरवून पाहण्याची सवय सर्वांत उपयोगी.

हा धोका फक्त परदेशातला नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ च्या सुमारास सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात आणि गोव्यातल्या सत्तरीत आला. त्याचा विषाणूही गोचिडीतूनच पसरतो. लाइमवर प्रतिजैविके चालतात, माकडतापावर मात्र असे नेमके औषध नाही. या पट्ट्यात हिवाळा-उन्हाळ्यात रानात जाताना पूर्ण कपडे घालावेत, गोचीडरोधक मलम लावावे, मेलेल्या माकडाच्या जवळ जाऊ नये आणि ते दिसले तर आरोग्य केंद्राला कळवावे.

चिखलाचा प्रश्न

आता पुन्हा चिखलाकडे. एपिंगची बरीचशी जमीन ‘लंडन क्ले’ नावाच्या चिकण मातीची आहे. तीत पाणी मुरत नाही. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत वाटा गिळगिळीत असतात. धावणारा चिखल पाहतो आणि साहजिकच कडेने जातो. त्याच्या मागचा आणखी कडेने. एका हिवाळ्यात दोन फुटांची वाट तीन-चार मीटर रुंद होते, कधी तिचे चार फाटे होतात.

यात बिघडले काय? झाडाची मुळे खूप खोल जातात हा समज चुकीचा आहे. अन्नपाणी घेणारी बारीक मुळे बहुतांश वरच्या अर्ध्या-एक मीटरमध्ये असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. बीचची मुळे तर विशेष उथळ. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि ती मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत असते. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार जमिनीवर येतो, आणि एका किलोमीटरला साधारण हजार पावले पडतात. म्हणजे शंभर माणसे गेली की लाख पावले. ओली चिकण माती कोरड्या मातीपेक्षा लवकर दबते. पोकळ्या बंद झाल्या, की हवा आणि पाणी आत जात नाही, मुळे गुदमरतात. मुळांना लपेटून राहणारी, झाडाला क्षार मिळवून देणारी बुरशीही मरते. एम-२५ आणि रानातून जाणाऱ्या रस्त्यांवरच्या गाड्यांच्या धुरातले नत्र या बुरशीला आधीच मारक ठरले आहे. त्यात दुष्काळी उन्हाळे. तीन-चारशे वर्षांचे झाड एका दिवसात मरत नाही. ते शेंड्याकडून वाळत जाते, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणूनच प्राचीन झाडाच्या बुंध्याच्या व्यासाच्या पंधरापट अंतरापर्यंत बांधकामे करू नयेत, असे ब्रिटिश सरकारची मार्गदर्शक सूचना सांगते. बुंधा एक मीटर जाड असेल तर भोवतालची पंधरा मीटर जमीन हा त्या झाडाचाच भाग.

जुन्या रानाची खूण मानल्या जाणाऱ्या ब्लूबेल या निळ्या फुलांचेही तेच. बी रुजल्यापासून फूल येईपर्यंत पाच ते सात वर्षे जातात. पाने तुडवली गेली तर कांद्याला अन्न मिळत नाही आणि पुढची काही वर्षे फूल येत नाही. एपिंगच्याच दक्षिण टोकाच्या वॉन्स्टेड पार्कमध्ये यावर साधा उपाय केला आहे. स्वयंसेवकांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना पडलेले ओंडके ओळीने लावून ठेवले. पाटी नाही, कुंपण नाही. पाय आपोआप ओंडक्यांच्या आत राहतात आणि एप्रिल-मेमध्ये बाहेर निळा गालिचा दिसतो.

बाकी ठिकाणी हे काम धावणाऱ्यानेच करायचे आहे. चिखल दिसला तर कडेने न जाता मधूनच जावे. तिथली माती आधीच दबलेली असते, नवे नुकसान होत नाही. योगायोगाने शरीराच्या दृष्टीनेही हेच बरे. कडेच्या उतारावर पाय तिरका पडतो आणि पानांखालची मुळे दिसत नाहीत, घोटा तिथेच मुरगळतो. मध्ये पाऊल निदान सरळ पडते. पावले आखूड करावीत, वेग कमी करावा, हात थोडे फाकवून तोल सांभाळावा. वाट फारच खचली असेल तर त्या दिवशी खडी टाकलेल्या पक्क्या वाटेवर धावावे. आणि शक्य असेल तर मोटारीने न येता लोकलने यावे. रानाला धुराचा त्रास तेवढाच कमी.

सुरुवात करताना

चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धावताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा फार दम लागला तर तिथेच थांबावे.

पहिले काही आठवडे दोन मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे असा क्रम ठेवावा. चढ चालत चढण्यात कमीपणा नाही, अनुभवी धावपटूही तेच करतात. आठवड्यात एखादाच दिवस रानवाट, बाकी सपाट जमीन, असे सुरुवातीला पुरते.

घोट्यासाठी घरी रोज एका पायावर तीस सेकंद उभे राहण्याचा सराव करावा. जमू लागले की डोळे मिटून, भिंतीजवळ. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता अशा सरावाने कमी होते. बुटांच्या तळाला खोल खाचा असाव्यात आणि पुढे बोटांना अंगठ्याएवढी जागा मोकळी असावी.

एकट्याने जाताना कुठून जाणार आणि केव्हा परतणार हे घरी सांगावे. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आधी सूर्य मावळतो आणि झाडीत त्याहून आधी अंधारते. फोन, शिट्टी आणि पातळ जाकीट जवळ असावे. घोटा दुखावून थांबावे लागले, तर घामाने भिजलेले अंग काही मिनिटांत गारठते.

आपल्याकडच्या प्राचीन वनांचे, म्हणजे देवरायांचे नियम आणखी कडक आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. पानही तोडायचे नाही, या गावकऱ्यांच्या धाकामुळेच आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी या राया टिकल्या. अनेक ठिकाणी आत जाताना पायताण काढण्याची पद्धत आहे. देवराईच्या कडेने जाणाऱ्या गाडीवाटेवर खुशाल धावावे, राईच्या तोंडाशी मात्र थांबून चालत आत जावे.

चिंगफर्डच्या माळावर परतलेली माणसे गाडीत बसण्यापूर्वी बुटांचे तळवे गवतावर घासून माती काढतात. एका रानाची माती, तिच्यातले रोग आणि बिया दुसऱ्या रानात जाऊ नयेत, यासाठी ही सवय चांगली आहे. घरी गेल्यावर बूट धुवायचे, अंगावर गोचीड नाही ना ते पाहायचे आणि जिना सावकाश चढायचा. गुडघ्यापर्यंत लागलेला चिखल अंघोळीने निघून जातो. वाटेच्या कडेची दबलेली माती पुन्हा भुसभुशीत व्हायला मात्र वर्षानुवर्षे लागतात.